एका जिप्सीसाठी दुसरी जिप्सी

पावसाळा सरत आला की एकाच चालीची पत्रं येऊ लागतात. गाडी घाटात उलटली किंवा ओढ्यात उतरताना दगडावर आपटली. गॅरेजवाला अडीच लाख सांगतो. एकाकडे तशीच एक जुनी गाडी ऐंशी हजारांत पडून आहे, तर ती घेऊन तिचे भाग लावले तर चालेल का? नाव-गाव बदलतं, प्रश्न तोच असतो आणि दहापैकी सहा-सात वेळा गाडीही तीच असते, मारुती जिप्सी. १९८५ साली आलेली ही गाडी सामान्य ग्राहकांसाठी बंद होऊन काही वर्षं झाली, आणि पत्र्याचे नवे भाग आता मिळाले तर मिळाले. म्हणून एक जिप्सी उभी करायला दुसरी जिप्सी खोलणं हा वेडेपणा नाही, पण ती आधी विकत घेऊन मग विचार करणं मात्र आहे. थार, मेजर किंवा एमएम ५४० असेल तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

गाडीला हात लावण्याआधी

अपघातात कुणी जखमी झालं असेल आणि पोलिसांत नोंद असेल, तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत एक बोल्टही सैल करू नका. तपासणीनंतर गाडी विनाकारण अडकवून ठेवता येत नाही, हा तुमचा हक्क आहे.

विमा सर्वंकष असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि गाडी आहे तशी ठेवा. ‘तोवर मडगार्ड तरी सरळ करून घेऊ’ असं म्हणणारा डेंटर भला माणूस असतो, पण सर्व्हेयरने न पाहिलेलं नुकसान कागदावर येत नाही. फोटो चारी कोपऱ्यांतून काढा, आणि गाडीखाली झोपून चासीचेही काढा. हे फोटो नंतर फार उपयोगी पडतात.

ऑफ-रोडवाल्यांसाठी एक खास खाच आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत ‘गाडी कशासाठी वापरायची’ याचं एक कलम असतं. त्यात शर्यत, वेगचाचणी आणि गाडीचा कस पाहणाऱ्या स्पर्धा वगळलेल्या असतात. शेतातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी उलटणं वेगळं आणि छातीवर नंबर लावून चिखलाच्या ट्रॅकवर उलटणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दावा टिकणं अवघड असतं. पण खोटं ठिकाण सांगू नका, कारण त्याने उरलासुरला हक्कही जातो.

‘टोटल लॉस’ झाला तरी गाडी तुमचीच राहू शकते

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही तुमच्या आणि कंपनीच्या संमतीने ठरते. हप्ता कमी पडावा म्हणून आपण ती कमी लावून घेतलेली असते, आणि मग साध्या धडकेतही गाडी या रेषेपलीकडे जाते.

समजा, आयडीव्ही २,४०,००० आहे. ७५ टक्के म्हणजे १,८०,०००, आणि गॅरेजचा अंदाज २,१०,००० चा. गाडी टोटल लॉस. इथे तुमच्यापुढे दोन वाटा असतात:

- गाडी कंपनीच्या हवाली करून पूर्ण रक्कम घ्या, किंवा
- मोडकी गाडी स्वतःकडे ठेवा. तिची भंगार-किंमत, समजा ९०,०००, रकमेतून वजा होते. १,३०० सीसीच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० असते. हातात १,४९,००० येतात आणि गाडी तुमच्या दारात राहते.

जुन्या जिप्सीवाल्याला बहुधा दुसरी वाट बरी पडते. गाडी दुरुस्तीत बसत असेल तर मात्र घसारा विसरू नका. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के कापले जातात, रबर, प्लास्टिक आणि बॅटरीवरही तेवढेच. काचेवर काही कापत नाहीत. जुन्या भागांच्या बिनबिलाच्या खर्चाला कंपनी सहसा हात लावत नाही, म्हणून ‘मी वापरलेले भाग लावणार आहे’ हे सर्व्हेयरला आधीच सांगा आणि तडजोडीची रक्कम कशी धरणार ते लेखी घ्या.

सर्व्हे अहवालाची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. पटलं नाही तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं मान्य नसेल, तर विमा लोकपालाकडे जा. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही आणि वकील लागत नाही.

आधी चासी मोजा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. जिप्सीचा पत्रा म्हणजे अंगावरचा सदरा. गाडी म्हणजे त्याखालची शिडीसारखी चासी, आणि गाडीचे कागद याच चासीवर कोरलेल्या नंबराला बांधलेले असतात. दरवाजा, बॉनेट, पूल (म्हणजे ॲक्सल), गिअरबॉक्स सगळं दुसऱ्या गाडीचं चालेल. चासी चालत नाही.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडचा ओळंबा, खडू, सुतळी आणि स्टीलची टेप आणा. गाडी सपाट कोब्यावर उभी करा, चाकांना दगड लावा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या जोडीच्या जागा निवडा: पुढच्या पाट्यांचे बोल्ट, शॅकलच्या जागा, मधल्या आडव्या पट्ट्यांची मूळ भोकं, मागच्या पाट्यांचे बोल्ट. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडा, तो थरथरायचा थांबला की जमिनीवर फुली मारा. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी ढकलून बाजूला करा. कोब्यावर तुमच्या गाडीची चासी खडूने रेखलेली उरते.

आता कर्ण मोजा. पुढच्या डाव्या फुलीपासून मागच्या उजव्या फुलीपर्यंत, मग पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक खडूच्या जाडीत जातो. सहा-सातच्या वर गेला तर चासी तिरकी झालीय. नंतर प्रत्येक जोडीचे मध्यबिंदू काढून त्यांवरून सुतळी ताणा. एखादा मध्यबिंदू सुतळीबाहेर पडला तर त्या जागी चासी बाजूला सरकलेली आहे. पीळ बघायला गवंड्याची लेव्हलची पाण्याची नळी घ्या आणि चारही कोपऱ्यांची उंची तपासा. त्याआधी गाडी चाकांवरून उचलून चासीखाली चार ठोकळे द्या, नाहीतर पाट्यांचा झोळ चासीच्या नावावर जाईल.

निष्कर्ष साधारण असे निघतात:

- फक्त पुढची टोकं वाकली असतील तर चासी ओढायचं बेंच असलेल्या गॅरेजात ती थंड ओढून सरळ होतात. गॅस लावून लालभडक करून ठोकणाऱ्याकडून गाडी परत आणा. तापवलेला भाग पुढे तिथेच तडकतो.
- मध्यात तिरकी किंवा पिळलेली असेल तर थांबा. ही गाडी उभी राहील, पण सरळ चालणार नाही.

दुसऱ्या प्रकारात लोक म्हणतात, ‘मग स्क्रॅपच्या गाडीची चासी घेऊ आणि आपला नंबर त्यावर मारू.’ नाही. हा खाडाखोडीचा गुन्हा आहे, आणि पुढे ती गाडी विकली तर घेणाऱ्यालाही तुम्ही त्यात ओढता. अशा वेळी गणित उलटं करा. तुमचीच गाडी आता सुट्या भागांची गाडी आहे. सरळ चासीची, चोख कागदांची पण इंजिन बसलेली किंवा पत्रा सडलेली जिप्सी शोधा आणि तुमच्या गाडीचं चांगलं सामान तिच्यावर चढवा. हे सांगितल्यावर माणसं हिरमुसतात, कारण जीव जुन्या नंबरप्लेटवर जडलेला असतो. मीही हिरमुसलो होतो.

स्क्रॅपची गाडी निवडताना

माझी पहिली चूक सांगतो. माझ्या जिप्सीचा पुढचा डावा कोपरा गेला होता. स्क्रॅपची गाडी स्वस्त मिळाली म्हणून रात्रीच टेम्पोत घालून आणली. सकाळी उजेडात बघतो तर तिचाही पुढचा डावा कोपराच गेलेला. स्वस्त का मिळाली ते तेव्हा कळलं. बहुतेक गाड्या पुढूनच ठोकलेल्या असतात, त्यामुळे भंगारात पुढचे भाग दुर्मीळ आणि मागचे ढीगभर. तुमची पुढून गेली असेल तर मागून ठोकलेली, इंजिन जळालेली किंवा नुसती पडून राहिलेली गाडी शोधा.

गाव कोणतं तेही बघा. किनाऱ्यावरच्या गाडीची जमीन आणि मागचे कोपरे खाऱ्या हवेने चाळणी झालेले असतात. तिचं गिअरबॉक्स घ्या, पत्रा नको. पत्र्यासाठी देशावरची किंवा उत्तरेकडच्या कोरड्या हवेतली गाडी बरी. दिल्ली परिसरात १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यानंतर तिकडच्या पुष्कळ जिप्सी बाजारात आल्या. त्यांचा पत्रा बरा असतो, कागद मात्र दोनदा बघावे लागतात.

नाव एकच असलं तरी सगळ्या जिप्सी एक नाहीत:

- सुरुवातीच्या गाड्यांचं इंजिन ९७० सीसीचं. १,२९८ सीसीची ‘किंग’ १९९६ मध्ये आली.
- १९९३ मध्ये पूल रुंद झाले. अरुंद पूल रुंद गाडीला पाट्यांवर बसवता येतो, पण चाकं आत जातात आणि गाडी वळणावर घाबरवते.
- कार्ब्युरेटरच्या आणि एमपीएफआयच्या गाडीचं वायरिंग एकमेकांना लागत नाही.
- पुढचे ब्रेक ड्रमचे आहेत की डिस्कचे, ते चाक काढून बघा.

पूल घेताय तर क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर जुळायलाच हवं. पुढचं एक आणि मागचं वेगळं असेल तर फोर-व्हील टाकल्याबरोबर दोन पूल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस त्यात मरते. मोजणं सोपं आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, ट्रान्सफर केसही न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या चाकांना पाचर. त्या पुलाचं एकच चाक जॅकवर उचला. पुढचा पूल असेल तर हब लॉक करा. जॉइंट शाफ्टवर खडूची रेघ ओढा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. तो आकडा म्हणजे गुणोत्तर. पाव फेऱ्याचा फरक आला तरी तो पूल एकटा घेऊ नका. घ्यायचेच तर पुढचा-मागचा दोन्ही त्याच गाडीचे घ्या.

कागदांशिवाय एक रुपयाही देऊ नका

‘आपल्याला भागच पाहिजेत, कागद कशाला?’ असं विकणारा म्हणेल. कागद तुमच्यासाठी आहेत. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिनकागदाची स्वस्त गाडी हे ‘कारण’ म्हणून पुरेसं ठरू शकतं.

- आरसी बुक आणि मालकाचं ओळखपत्र बघा. विकणारा आणि मालक वेगळे असतील तर मधली साखळी लेखी हवी.
- चासी आणि इंजिन नंबर स्वतः घासून, वायर-ब्रशने साफ करून वाचा. फोटोवर भागवू नका. कोरलेली जागा घासलेली, वेल्डिंग केलेली किंवा नुकतीच रंगवलेली दिसली तर चहा पिऊन परत या.
- वाहन प्रणालीवर बोजा आणि नोंदणीची स्थिती बघा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय गाडी खोलायची नाही.
- गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीची नोंदली आहे का ते पाहता येतं.
- साध्या कागदावर का होईना, तारीख, वेळ, दोन्ही नंबर, किंमत आणि ‘सुटे भाग करण्यासाठी विकली’ हे वाक्य लिहून सह्या घ्या. पैसे बँकेतून द्या.

नोंदणी रद्द करणं हे मालकाचं काम आहे. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी परत करायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. अर्जाची पोच हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

सैन्याच्या लिलावातली गाडी असेल तर भाग उत्तम असतात, पण तो हिरवा रंग तसाच ठेवू नका. ऑलिव्ह ग्रीन रंगाची मुभा संरक्षण खात्याच्या वाहनांनाच आहे. नुसती दोन हिरवी दारं घेऊन फिरलात तरी नाक्यानाक्यावर थांबावं लागेल.

काय लावायचं, काय नाही

डोळे मिटून घ्या: दरवाजे, बॉनेट, मडगार्ड, ग्रिल, काचेची चौकट, हुडाचे पाइप, सीट, मीटर, जॉइंट शाफ्ट.

तपासून घ्या: रेडिएटरला दाब देऊन बघा. पुलाचं घर सपाट ठोकळ्यांवर ठेवून सरळ आहे का पाहा. पुढच्या चाकाचे नकल आणि स्टिअरिंगचा हात बारीक तडे दाखवणाऱ्या रंगाने, म्हणजे डाय पेनिट्रंटने, तपासा. औद्योगिक वसाहतीत हे काम थोडक्या पैशांत होतं.

जुने घेऊच नका: सीटबेल्ट, ब्रेकचे पाइप आणि रबरं, टाय रॉडची टोकं, चाकाचे बेअरिंग, यू-बोल्ट, टायर. सीटबेल्ट एकदा अपघातात ताणला की त्याचं काम झालेलं असतं, दिसायला नवा असला तरी. नव्या थारमध्ये एअरबॅगही याच यादीत. भंगारातली एअरबॅग लावून देणारा स्वस्तात देतो हे खरं, पण ती उघडेल की नाही हे त्यालाही माहीत नसतं.

इंजिनाचं वेगळं. नंबर ब्लॉकवर असतो आणि तो आरसीवर चढलेला असतो. तुमचा ब्लॉक शाबूत असेल तर तो तसाच ठेवा आणि हेड, स्टार्टर, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड तेवढं दुसऱ्याचं घ्या. ब्लॉकच बदलावा लागला तर आधी आरटीओची परवानगी काढा. त्यासाठी स्क्रॅपच्या गाडीचे तेच कागद लागतात, जे विकणारा ‘कशाला’ म्हणत होता. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रंग बदलला किंवा हुडाची गाडी हार्डटॉप केली, तरी आरसीत नोंद हवी.

खोलण्याची रीत

स्क्रॅपची गाडी आली की पोरं पाने घेऊन तुटून पडतात. त्यांना थांबवा. ती गाडी तुमचा नकाशा आहे. एक बाजू खोला, दुसरी शेवटपर्यंत जोडलेली ठेवा. ‘ही क्लिप कुठे होती, हा वॉशर आत की बाहेर’ याचं उत्तर तिच्याच अंगावर मिळतं. वायरिंग कापू नका, कनेक्टर सोडवून अख्खं काढा आणि प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव लिहा. बोल्ट भागागणिक वेगळ्या पिशव्यांत ठेवा. मी एकदा सगळे एका तेलाच्या डब्यात टाकले होते, आणि त्या डब्याशी तीन रविवार बसलो.

गॅरेजशी बोलणी

मजुरी कामागणिक ठरवा: चासी, पत्रा, रंग, इंजिन, वायरिंग. सगळं मिळून एक आकडा नको. हप्ते टप्प्यांना बांधा. पहिला मोठा हप्ता चासीची मापं पुन्हा तुमच्यासमोर घेतल्यावर, रंगाआधी. रंग चढल्यावर खालचं काही दिसत नाही. उरलेले भाग कोणाचे तेही लिहा. न लिहिल्यास ते गॅरेजचे होतात असा या धंद्याचा अलिखित रिवाज आहे.

एक गोष्ट माहीत असू द्या. केलेल्या कामाची ठरलेली मजुरी दिली नाही, तर गॅरेजवाल्याला गाडी अडवून ठेवता येते. करार कायद्याचं कलम १७० त्याला तो हक्क देतं. मात्र न सांगता वाढवलेल्या कामाच्या पैशांसाठी गाडी अडवली, तर तुम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता. म्हणून वाढीव कामाला होकार व्हॉट्सॲपवर का होईना, लेखीच द्या.

रस्त्यावर काढण्याआधी

डाव्या बाजूला पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर मोजा, मग उजव्या बाजूचं. जिप्सीला ते २,३७५ मिलिमीटर असायला हवं आणि दोन्हीकडे सारखं. नंतर मोकळ्या रस्त्यावर चार बादल्या पाणी ओता, त्यातून गाडी सरळ न्या आणि उतरून मागे बघा. मागच्या चाकांचे ओले पट्टे पुढच्यांवर नीट पडले पाहिजेत. ते एका बाजूला सरकलेले दिसले तर गाडी खेकड्यासारखी चालतेय. स्टिअरिंग कितीही सरळ करून दिलं तरी टायर खाणारच.

पहिले शंभर किलोमीटर डांबरी रस्त्यावर टू-व्हीलमध्येच चालवा. फोर-व्हील नंतर, मातीवर. मग पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

आणि उरलेला सांगाडा

स्क्रॅपच्या गाडीची चासी अंगणात ठेवू नका आणि नंबरासकट भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. तिच्यावरचा नंबर चोरीच्या गाडीला चिकटवला गेला, तर चौकशी आधी तुमच्या दारी येते. नोंदणीकृत वाहन-स्क्रॅपिंग केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घ्या. मात्र किती भाग काढलेली गाडी ते घेतात, हे पहिला बोल्ट खोलण्याआधी फोन करून विचारा. काही ठिकाणी इंजिन आणि पूल नसलेली गाडी परत पाठवतात, आणि टेम्पोचं भाडं दोन्ही वेळचं तुमचंच असतं.